गप्प झालेल्या ट्रान्झिस्टरचा बिघाड कसा शोधायचा

माझी थोरली आत्या कराडजवळच्या एका गावात राहते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने माळ्यावरून दोन बँडचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ काढला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला.

"हा गेलाय बघ."

"कसा गेला, आत्या?"

"कसा म्हणजे? बोलत नाही."

दुरुस्ती या प्रश्नापासूनच सुरू होते, पेचकस नंतर हातात घ्यायचा. म्हणून मी तिला थोडं खोदून विचारलं. तेव्हा कळलं, की आधी आवाज कमी-जास्त करताना खरखर व्हायची. मग आवाज मोठा केला की फटफट असा आवाज यायला लागला. पुढे पुढे केंद्रं लागेनाशी झाली, नुसतं सूं ऐकू यायचं. शेवटी तेही बंद झालं आणि सेल आत ठेवूनच तिने सेट माळ्यावर टाकला. तिच्या त्या चार वाक्यांत सगळा बिघाड सांगून झाला होता. उघडल्यावर आत जे सापडलं, ते याच क्रमाने उलटं उलगडत गेलं.

जुन्या सेटबद्दल लोकांचा समज असा, की आत काहीतरी "जळलंय", आणि ते काय हे फक्त कारागिराला कळतं. वीसेक वर्षं असे सेट उघडल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. घरात नुसत्या पडून राहिलेल्या सेटमध्ये ट्रान्झिस्टर, म्हणजे ज्यावरून सेटला हे नाव पडलं तो लहर वाढवणारा छोटा भाग, क्वचितच मरतो. मरतात ती हलणारी, घासणारी, ओली आणि गंजणारी माणसं, म्हणजे स्प्रिंगा, बटणं, खाचा, वीज साठवणारे कपॅसिटर. हे दोष शोधायला इंजिनिअर असावं लागत नाही. क्रमाने जावं लागतं, एवढंच.

शिकायला ट्रान्झिस्टर रेडिओच का, ते आधी सांगतो. चार सेल मिळून सहा व्होल्ट होतात. कुठेही बोट लागलं तरी इजा नाही. बाकीच्या जुन्या वस्तूंचं तसं नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओत दोन-अडीचशे व्होल्ट डीसी असतात आणि काही सेटमध्ये पत्र्याची चासी, म्हणजे आतला सांगाडा, थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सगळ्या पत्र्यात फेज येते. रंगीत पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो भार धरून ठेवते. एसएमपीएस, म्हणजे चार्जर-टीव्हीत असतो तसला स्विचिंग वीजपुरवठा, असलेल्या कुठल्याही वस्तूत २३० व्होल्ट एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि बंद केल्यावरही ते मोठ्या कपॅसिटरमध्ये राहू शकतात. मायक्रोवेव्ह ओव्हन तर घरी उघडूच नये. हात बसेपर्यंत सेलवर चालणाऱ्या वस्तूंवरच शिकावं, असं मी सगळ्यांना सांगतो. घरात मुलं असतील तर त्यांनाही सोबत बसवावं.

पाटाचं पाणी

शेतात विहिरीवरून पंप, पंपापासून पाइप, पाइपातून पाट आणि पाटातून वाफे असं पाणी जातं. शेवटचा वाफा कोरडा दिसला म्हणून कुणी विहीर खोदायला घेत नाही. शेतकरी पाटाच्या मध्यावर जाऊन बघतो. तिथे पाणी असेल तर फूट खालच्या अंगाला आहे, नसेल तर वरच्या. मग उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर पुन्हा तेच. चार-पाच वेळा बघितलं की नेमकी जागा सापडते. इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती म्हणजे हेच आहे. फक्त पाट कुठून कुठे वाहतो, हे माहीत हवं.

रेडिओचा पाट असा आहे. आत पेन्सिलीएवढी किंवा त्याहून जाड काळी कांडी असते, तिच्यावर बारीक तारेचे वेढे असतात. ही फेराइटची कांडी म्हणजे मध्यम लहरींची अँटेना. हवेतून एकाच वेळी अनेक केंद्रांच्या लहरी तिच्यावर येतात. पुणे केंद्राची लहर ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा वरखाली होणारी. सांगलीची १२५१ ची. प्रत्येक केंद्राचं माप वेगळं. इतक्या वेगवेगळ्या मापांवर सारखंच चांगलं काम करणारा सेट बनवणं अवघड. म्हणून १९१८ च्या सुमारास एडविन आर्मस्ट्राँग यांनी एक युक्ती वापरली, ती आजही चालते. बाजारात कुणी शेराने, कुणी अदमणाने धान्य आणलं तरी आपण ते घरच्या एकाच पायलीने मोजून घ्यावं, तशी ही युक्ती आहे.

सेट स्वतःच्या पोटात एक लहर तयार करतो. आपण डायल फिरवतो तेव्हा गँग नावाच्या कपॅसिटरचे दोन भाग एकाच दांड्यावर फिरतात. एक भाग केंद्र निवडतो, दुसरा सेटची स्वतःची लहर बदलतो. ही लहर केंद्रापेक्षा नेहमी ४५५ किलोहर्ट्झ वर राहील अशी जुळणी असते. पुणे लावलं तर ती ७९२ अधिक ४५५, म्हणजे १२४७ होते. दोन्ही लहरी एकत्र मिसळल्या की त्यांच्या फरकाची तिसरी लहर मिळते, आणि केंद्र कुठलंही लावा, ती ४५५ चीच असते. आपल्याकडच्या बहुतेक सेटमध्ये हाच आकडा आहे, क्वचित थोडा इकडेतिकडे. पुढचे टप्पे फक्त या एका मापासाठी घडवलेले असतात. बोर्डावर पत्र्याच्या चौकोनी डब्या दिसतात ना, डोक्यावर पिवळा, पांढरा, काळा रंग असलेल्या, त्याच या टप्प्याच्या आयएफटी, म्हणजे इंटरमीडिएट फ्रीक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर.

पुढे एक छोटा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, त्या लहरीवरून बोलणं आणि गाणं उतरवून घेतो. तिथून ते व्हॉल्यूम कंट्रोलवर येतं, मग आवाज वाढवणारे ट्रान्झिस्टर आणि शेवटी स्पीकर.

व्हॉल्यूम कंट्रोल हा या पाटाचा मध्य. एवढं ध्यानात राहिलं तरी निम्मं काम झालं.

आधी नुसतं बघायचं

आत्याच्या सेटचं मागचं झाकण काढलं तर सेलच्या डब्यात पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखं दिसलं. साध्या सेलमध्ये जस्ताचा डबा हाच एक ध्रुव असतो आणि वापरात तोच झिजत जातो. भोक पडलं की आतला नवसागराचा किंवा झिंक क्लोराइडचा ओला लगदा बाहेर येतो आणि स्प्रिंग खातो. हा लगदा आम्लधर्मी, म्हणून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचा. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे उलट जातीचं, त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागतं. नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, स्पिरिट फिरवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. हातमोजे नसतील तर निदान डोळ्यांना बोट लावू नका.

जंगाल नुसतं स्प्रिंगवर थांबत नाही. ते तारेच्या प्लास्टिकच्या आतून वर चढतं. बाहेरून तार धडधाकट दिसते, पण सोलली की आतले धागे काळे पडलेले, त्यांवर सोल्डर बसतच नाही. अशी तार घासत बसू नये, सरळ नवी टाकावी.

स्प्रिंगा घासल्या, नवे सेल घातले. आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, करंट, ओहम मोजायचं साधन. काही शे रुपयांचा साधा मीटरही पुरतो. सेलच्या टोकांवर सहा व्होल्ट दिसले. मग सेट चालू करून बोर्डावर मोजलं तर जेमतेम चार. सेट बंद असताना मोजलं असतं तर बोर्डाच्या तारेवरही सहाच दिसले असते आणि मी फसलो असतो. गंजलेला सांधा म्हणजे अर्धवट बुजलेला नळ. तोटी बंद असताना दाब पुरेपूर, तोटी सोडली की धार बारीक. म्हणून व्होल्टेज नेहमी काम चालू असताना मोजायचं. इथे दोष चालू-बंद बटणात होता. हे बटण व्हॉल्यूमच्याच दांड्यावर असतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ते पंचवीस-तीस वेळा टकटक केलं आणि बोर्डावर सहा व्होल्ट आले.

याच वेळी सेट किती करंट घेतो, तेही बघावं. सेलच्या वाटेत मीटर टाकायचा. आवाज शून्यावर असताना अशा सेटने साधारण दहा-वीस मिलिअँपिअर घ्यावेत. शून्य असेल तर वाट कुठेतरी तुटली आहे. शंभराच्या वर असेल तर लगेच बंद करा. कुठेतरी शॉर्ट आहे किंवा आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापताहेत. जर्मेनियमच्या जुन्या ट्रान्झिस्टरची खोड अशी, की तापले की जास्त करंट घेतात आणि जास्त करंट घेतला की आणखी तापतात. हात लावून बघा, हाताला चटका बसत असेल तर काहीतरी चुकलं आहे.

आत्याच्या सेटने पंधरा घेतले. म्हणजे आत कुणीतरी जागं होतं, पण स्पीकर गप्प.

खालचा अर्धा भाग

स्पीकर तपासायची सोपी रीत आहे. त्याची एक तार सोडवायची आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्याच्या टोकांना टेकवायचा. जिवंत स्पीकर टक् असा आवाज करतो. मीटरने मोजलं तर आठ ओहमचा स्पीकर साडेसहा-सातच दाखवतो, त्यात बिघाड नाही. आत्याच्या स्पीकरने टक् केलं.

मग आवाज अडतो कुठे? इअरफोनच्या खाचेत. या खाचेत एक पातळ पट्टी असते. खाच रिकामी असताना ती दुसऱ्या पट्टीला टेकून आवाज स्पीकरकडे पाठवते, पिन घातली की दूर होते आणि स्पीकर बंद होतो. वर्षानुवर्षं कुणी इअरफोन लावलेला नसतो, पट्ट्यांवर मळाचा थर चढतो आणि पिन नसतानाही स्पीकर बंदच राहतो. माझ्याकडे आलेल्या "मेलेल्या" सेटांपैकी कितीतरी केवळ या खाचेमुळे मेले होते. पिन वीसेक वेळा आत-बाहेर केली, थोडा क्लीनर दिला आणि स्पीकरमधून सूं आलं. मधल्या खोलीतून आत्या धावत आली. मी म्हटलं, अजून थांब.

ते सूं फार मोलाचं असतं. त्याचा अर्थ असा, की आवाज वाढवणारा भाग चालतो आहे. खात्री करायला व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला पेचकसाचं टोक लावायचं आणि त्याच्या पात्याला बोट टेकवायचं. स्पीकरमधून बुर्र किंवा टक् आलं तर तिथपासून स्पीकरपर्यंत पाट वाहता आहे. फूट वरच्या अंगाला. बोर्डावरचा निम्मा पसारा एका सेकंदात बाजूला झाला.

व्हॉल्यूम फिरवताना होणाऱ्या खरखरीचं कारणही इथेच. आत कार्बनचा एक वर्तुळाकार पट्टा असतो आणि त्यावर एक जीभ फिरते. धूळ बसली किंवा पट्टा झिजला की जीभ उड्या मारते. क्लीनर आत जाईल अशा फटीतून थोडासा सोडायचा आणि बटण दोन्ही टोकांपर्यंत फिरवत राहायचं. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्यात धूळ चिकटून चिखल होतो.

सांगलीवर वाजलेली शिट्टी

आता सूं होतं, पण डायल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी एकही केंद्र नाही. इथे दोनच मोठ्या शक्यता. एक तर सेटची स्वतःची लहर तयार होत नाही, किंवा ती होते पण पुढे-मागे कुठेतरी वाट तुटली आहे. ते ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. दुसरा एक चालू रेडिओ लागतो.

माझ्या पिशवीत छोटा रेडिओ होता. तो मध्यम लहरींवर सांगलीला, म्हणजे १२५१ ला लावला आणि आत्याच्या सेटपासून वीतभर अंतरावर ठेवला. मग तिच्या सेटची डायल पुण्याच्या आसपास हळूहळू फिरवली. सेट धड असता तर डायल ७९२ वर असताना त्याच्या पोटातली लहर १२४७ झाली असती. ही लहर थोडी हवेत सांडतेच. ती माझ्या रेडिओत सांगलीच्या १२५१ ला भिडली असती आणि फरकाची, म्हणजे चार किलोहर्ट्झची बारीक शिट्टी ऐकू आली असती. डायल ७९६ कडे नेली की शिट्टी जाड होत होत विरते, पुढे नेली की पुन्हा बारीक होत वर जाते. आपल्या दोन केंद्रांचे आकडे इतके सोयीचे पडले आहेत, याचा मला दर वेळी आनंद होतो. तुमच्याकडे वेगळी केंद्रं लागत असतील तर चालू रेडिओवर लावलेल्या केंद्राच्या आकड्यातून ४५५ वजा करा, बिघडलेल्या सेटची डायल तिथे न्या.

शिट्टी आली नाही. सेटची लहर तयारच होत नव्हती.

लगेच "ट्रान्झिस्टर बदला" असं म्हणायचं नाही. त्या ट्रान्झिस्टरकडे जाणाऱ्या वाटेवर काय काय घासतं किंवा हलतं, ते आधी बघायचं. दोन बँडच्या सेटमध्ये ही वाट बँड बदलायच्या स्विचमधून जाते. लांबट सरकता स्विच, आत दहा-बारा चांदीचा मुलामा दिलेल्या पट्ट्या. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, हे आपल्याला घरातल्या चांदीच्या समईवरून आणि पैंजणांवरून ठाऊक आहे. तोच थर इथे लहर अडवतो. क्लीनर सोडला, स्विच तीस वेळा इकडून तिकडे सरकवला, पुन्हा मध्यम लहरींवर आणला आणि डायल फिरवली. माझ्या रेडिओतून शिट्टी बारीक आवाजात सुरू झाली, खाली उतरली, विरली, परत चढली. तो रेडिओ बंद केला आणि आत्याच्या सेटवर पुणे ऐकू आलं.

शिट्टी येऊनही केंद्र लागत नसेल, तर फेराइटच्या कांडीकडे जा. तिच्यावरची तार साधी नसते. केसासारखे अनेक धागे पिळून, वर रेशमासारखं आवरण घालून ती केलेली असते. ती बोर्डाला जोडलेल्या टोकापाशी तुटते, कधी उंदीर कुरतडतात. जोडताना सगळ्या धाग्यांवर कथील बसलं पाहिजे. निम्मे धागे सुटे राहिले तर केंद्र लागेल, पण मंद लागेल आणि कारण कळणार नाही.

सोल्डरचे सांधेही भिंगाने बघावेत. जड भागांच्या पायांभोवती, म्हणजे गँग, स्विच, ट्रान्सफॉर्मर, बारीक गोल चीर पडलेली दिसते. याला कारागीर ड्राय सोल्डर म्हणतात. सेटला टपली मारल्यावर तो बोलत असेल तर पहिला संशय यावरच घ्यावा. पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न, आत राळ असलेली कथील-शिशाची तार, आणि सांधा नव्याने वितळवायचा. आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, आणि जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरचा पाय असेल तर तो चिमट्याने पकडा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते.

फटफट का होते

केंद्र लागलं, पण आवाज मोठा केला की सेट फटफटीसारखा फट फट फट करू लागला. आत्या म्हणाली, "हेच, हेच व्हायचं."

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण ते टेपरेकॉर्डर, अँप्लिफायर, टीव्ही सगळीकडे लागू पडतं. घरावर पाण्याची टाकी का असते? नळाची धार बारीक असली तरी एकदम चार बादल्या लागल्या तर टाकी देते. सेल म्हणजे बारीक धारेचा नळ आणि सेलच्या दोन तारांमध्ये बसवलेला शंभर किंवा त्याहून जास्त मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणजे टाकी. मोठा आवाज निघताना आउटपुटला क्षणभर भरपूर करंट लागतो. टाकी आटली असेल तर बोर्डावरचं व्होल्टेज एकदम खाली येतं. त्या धक्क्याने आधीचे टप्पे क्षणभर गप्प होतात, मागणी थांबते, व्होल्टेज पुन्हा चढतं, आवाज पुन्हा निघतो, पुन्हा पडतं. हे चक्र म्हणजेच ती फटफट. सेल जुने झाल्यावरही हेच होतं, कारण मग नळ आणखी बारीक झालेला असतो. म्हणून आधी नवे सेल, मग कपॅसिटरवर संशय.

ही टाकी आटते कशी? इलेक्ट्रोलिटिकच्या आत अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यात एका द्रावणात भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. बूड रबराने बंद केलेलं असतं. तीस-चाळीस वर्षांत रबर कडक होतं आणि ओल हळूहळू निघून जाते. बाहेरून कपॅसिटर नवा दिसतो, आत कोरडा.

तपासणी सोपी आहे. चांगला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्यायचा आणि सेट चालू असताना जुन्याच्या दोन पायांना बाहेरून टेकवायचा, अधिक-वजा बघून. फटफट थांबली तर दोषी सापडला. ही रीत कोरड्या पडलेल्या कपॅसिटरसाठीच चालते. जो आतून गळका आहे, म्हणजे करंट आरपार जाऊ देतो, त्याचा पाय सोडवूनच बघावं लागतं. बदलताना व्होल्टची मर्यादा जास्त असली तरी हरकत नाही. जुन्या १० व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचा बिनधास्त बसवा. मायक्रोफॅरडचा आकडाही या जागी थोडा जास्त चालतो. आयएफटीजवळच्या छोट्या कपॅसिटरबाबत मात्र अशी ढिलाई अजिबात नको, तिथे आकडा तोच हवा.

काहीजण सेट उघडला की सगळे इलेक्ट्रोलिटिक एका बैठकीत बदलून टाकतात. भाग स्वस्त आहेत, त्यामुळे मला त्यात गैर वाटत नाही. पण एक बदला, सेट लावून ऐका, मग दुसरा. सहा एकदम बदलले आणि सेट गप्प झाला तर सहांपैकी कुठला उलटा बसला ते शोधत दुपार जाते.

इथेच एक धोक्याची खूण. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच सेटमध्ये सेलचा अधिक ध्रुव चासीला जोडलेला असतो, कारण तेव्हाचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बहुधा पीएनपी जातीचे, म्हणजे अधिक-वजा उलटं लागणारे, होते. काळी तार म्हणजे वजा आणि चासी म्हणजे वजा, असं गृहीत धरून कपॅसिटर बसवला तर तो उलटा बसतो. सेलच्या डब्यापासून तार हाताने माग काढत या आणि मगच ठरवा.

ट्रान्झिस्टर खरंच गेला असेल तर तेही मीटरवर कळतं. बेस आणि एमिटर या त्याच्या दोन पायांमध्ये सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर, उदाहरणार्थ बीएफ १९४ किंवा बीसी १४८, साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट दाखवतो. जर्मेनियमचा, जसा एसी १८७ किंवा एसी १८८, दोन-अडीच दशांशच. म्हणूनच गेलेल्या एसी १८८ च्या जागी हाताशी असलेला सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बसवून चालत नाही. पाय सारखे असले तरी त्याला जागं करायला लागणारं व्होल्टेज वेगळं आहे, आणि आवाज फाटका येतो. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारलं, तर जुन्या साठ्यातले मिळतात कधीकधी. नाहीतर दुसऱ्या मेलेल्या सेटमधून काढावे. बोर्ड भंगारात टाकू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

एएफ ११४ ते एएफ ११७ या जुन्या ट्रान्झिस्टरची गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या धातूच्या टोपीत आतल्या बाजूला कथिलाचे केसासारखे बारीक तंतू आपोआप वाढतात आणि आतल्या भागाला टोपीशी जोडून टाकतात. चार पायांपैकी एक पाय फक्त टोपीला जोडलेला असतो. तो कापला की बहुतेक वेळा सेट बोलू लागतो. धातूला वर्षानुवर्षं मिशा फुटत राहतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी किती तरी वेळ त्या टोपीकडे बघत बसलो होतो.

ते स्क्रू हलवू नका

आयएफटीच्या डोक्यावरचे रंगीत भाग स्क्रूसारखे दिसतात. सेट बोलत नाही आणि हातात पेचकस आहे, अशा वेळी माणूस "सैल झालेत वाटतं" म्हणून ते घट्ट करतो. सतार बेसूर वाटली म्हणून कुणी सगळ्या खुंट्या एका दिशेने पिळत नाही. हे स्क्रू म्हणजे सेटच्या खुंट्या आहेत. कारखान्यात प्रत्येक डबी ४५५ ला जुळवलेली असते. ठाण्यात मर्फीचा कारखाना होता, पुण्याजवळ लोणी काळभोरला फिलिप्सचा. तिथे कुणीतरी शांतपणे बसून ही जुळणी केली आणि वर मेणाचा थेंब टाकला. ती जुळणी आपोआप फारशी बिघडत नाही. बिघडते ती हाताने. शिवाय आतला गाभा फेराइटचा, ठिसूळ, लोखंडी पेचकसाने सहज तडकतो.

माझ्याकडे येणाऱ्या सेटांत सर्वांत जास्त वेळ खाणारे सेट हेच असतात. मूळ दोष दहा मिनिटांचा, पण आधी कुणीतरी सगळे गाभे फिरवलेले. तसं झालंच असेल तर बांबूची किंवा प्लास्टिकची चपटी काडी घासून करा, एखादं मंद केंद्र लावा, आणि शेवटच्या डबीपासून सुरुवात करून एकेक गाभा अगदी थोडा फिरवत आवाज सर्वांत मोठा येईल तिथे थांबा. किती फिरवला ते कागदावर लिहीत जा. घाई असेल त्या दिवशी हे काम हातात घेऊ नका.

हाच क्रम बाकी वस्तूंनाही लागू पडतो. टेपरेकॉर्डरमध्ये मोटर फिरते पण टेप हलत नसेल तर रबरी पट्टा बघा. तो बऱ्याचदा डांबरासारखा चिकट होऊन विरघळलेला असतो. कणभरही मागे न ठेवता स्पिरिटने पुसा, मग नवा घाला. मेन्सवर चालणाऱ्या अँप्लिफायरमध्ये सतत घुमणारा आवाज येत असेल तर तो बहुधा वीजपुरवठ्यातल्या मोठ्या, आटलेल्या कपॅसिटरचा असतो. पण तिथे सहा व्होल्ट नाहीत, हे विसरू नका.

आत्याकडे संध्याकाळी दिवे लागले आणि सेट पुन्हा खरखरू लागला. तिचा चेहरा पडला. मी सेट उचलून अंगणात, तुळशीपाशी नेला आणि आवाज स्वच्छ झाला. दोष सेटमध्ये नव्हताच. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मध्यम लहरींवर भरपूर गोंधळ सोडतात. हा सेट बनला तेव्हा घरात असलं काही नव्हतं. फेराइटची कांडी एका दिशेला जवळजवळ बहिरी असते, म्हणून सेट जागच्या जागी गोल फिरवून बघितला. खिडकीकडे कोन केल्यावर गोंधळ बराच कमी झाला. त्या जागेवर आत्याने फळीवर खडूने खूण केली.

झाकण लावण्याआधी आत एक कागद चिकटवला. त्यावर तारीख, बदललेला कपॅसिटर, साफ केलेले स्विच आणि खाच, आणि "आयएफटी हलवलेल्या नाहीत" एवढं लिहिलं. सेट महिनाभर लावणार नसशील तर सेल काढून ठेव, असं तिला दोनदा सांगितलं. डायलच्या वरच्या टोकाला, १४०० च्या पुढे, तो अजून थोडा मंद लागतो. गँगवरचा ट्रिमर, म्हणजे जुळणीचा छोटा स्क्रू, बघावा लागेल. तेवढं दिवाळीला गेल्यावर करीन.